मुदतवाढीच्या एक्केचाळीस सह्या

सोपानराव टेमकरांनी आपल्या फ्लॅटचा कागद लॅमिनेट करून घेतला आणि तिथून त्यांचे ग्रह फिरले.

तसा दोष एकट्या त्यांचा नव्हता. शहाण्णव सालच्या त्या दिवाळीत मंचरच्या एसटी स्टँडसमोर लॅमिनेशनचं मशीन आलं होतं आणि अख्खा तालुका हाताला लागेल तो कागद त्यात सारत होता. सोपानराव एसटीतून कंडक्टर म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. सकाळची अंघोळ झाली की संध्याकाळपर्यंत करायचं काय, हा प्रश्न त्यांना रोज नव्यानं पडायचा. त्यांनी आधी रेशनकार्ड लॅमिनेट केलं, मग सेवापूर्तीचं प्रमाणपत्र, मग मुलीची, प्राचीची, दहावीची गुणपत्रिका. प्राचीचं लग्न होऊन तिला आता स्वतःलाच मूल होणार होतं, पण गुणपत्रिका टिकली पाहिजे असं सोपानरावांचं मत पडलं. शेवटी पत्र्याच्या पेटीच्या तळाशी फ्लॅटचा कागद सापडला.

मशीनवाल्यानं गरम कागद बाहेर ओढला, त्यावर फुंकर मारली आणि सहज वाचला.

"काका, हा तर तीस वर्सांचा करार हाये. येत्या मे महिन्यात संपतोय की."

"काय संपतंय?"

"जागंची मुदत. खालची जमीन तुमची न्हाई ना. ती भाड्यानं हाये."

सोपानरावांनी पंधरा वर्षांत तो कागद एकदाही वाचला नव्हता. तीस वर्षं त्यांनी लोकांना तिकिटं दिली, पण तिकिटामागची बारीक अक्षरं वाचणारा प्रवासी त्यांनाही कधी भेटला नव्हता. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या वाचलं. सदुसष्ट साली अवसरी बुद्रुकच्या गेणभाऊ भोरांनी मंचरातली आपली जागा एका कंत्राटदाराला तीस वर्षांच्या करारानं दिली होती. कंत्राटदारानं तिच्यावर खाली एक दुकान आणि वर दोन फ्लॅट बांधले, विकले आणि तो तालुक्यातून नाहीसा झाला. दुकान आणि वरचा एक फ्लॅट मांगीलालशेठचा होता. दुसरा सोपानरावांचा, आणि जमिनीचा मूळ करार त्यांच्याच पेटीत येऊन पडला होता.

हा फ्लॅट घेताना त्यांनी गावचं घर भावाला लिहून दिलं होतं. नोकरीत अर्धं आयुष्य मुक्कामी गाडीच्या बाकावर झोपून काढलेल्या माणसाला स्वतःच्या दारावर स्वतःच्या नावाची पाटी लागली याचंच इतकं अप्रूप होतं, की त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. घरी येऊन त्यांनी कुशाबाईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्या पोळी लाटायच्या थांबल्या.

"म्हंजी मे महिन्यानंतर आपुन ऱ्हायाचं कुठं?" त्यांनी विचारलं.

सोपानराव समोरच्या दारात गेले आणि मांगीलालशेठना घेऊन वकिलाकडे निघाले. मांगीलालशेठचे वडील राजस्थानातून आले तेव्हापासून त्यांचं कापडाचं दुकान मंचरात होतं. कुठल्याही संकटात आधी चहा मागवायचा, ही त्यांची पद्धत होती. त्या दिवशी त्यांनी चहा मागवला नाही.

वकिलांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"कलम नऊ बघा. मुदत संपायच्या आधी याच मूळ कागदाच्या पाठीवर गेणभाऊंनी एक सही केली, की आणखी तीस वर्षं. एकट्या गेणभाऊंची सही. इतकं सोपं कलम मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही."

"गेणभाऊ धडधाकट आहेत ना?" मांगीलालशेठनी घाबरत विचारलं.

"चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि ठणठणीत आहेत. परवाच बाजारात बटाट्याचा भाव करताना पाहिले."

"मंग घेतो की सही! आत्ता जातो," सोपानराव उठलेच.

वकिलांनी कागद उलटा केला आणि त्यावर नखानं टकटक वाजवलं. "घ्या. पण कशावर घेणार? याच्यावर शाई बसेल का?"

मांगीलालशेठनी आयुष्यात पहिल्यांदा सोपानरावांकडे वाईट नजरेनं पाहिलं.

घरी आल्यावर मांगीलालशेठच्या पत्नीनं, सुंदरबाईंनी, उपाय काढला. साडीला चिकटलेलं प्लास्टिक कोमट इस्त्रीनं सुटतं, हा त्यांचा अनुभव होता. कागदावर पांढरं फडकं टाकून त्यांनी हलक्या हातानं इस्त्री फिरवली. प्लास्टिक निघालं. त्याच्याबरोबर कलम चार ते अकराही निघाली.

"आता नवा करार करायचा," वकील दुसऱ्या दिवशी म्हणाले. ते आता तितकेसे खुललेले नव्हते. "नव्या कराराला सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या लागतील. सदुसष्ट साली गेणभाऊ एकटे होते. मधल्या काळात भावांची नावं लागली, भाऊ गेले, त्यांची मुलं लागली, लेकी लागल्या, गेणभाऊंचा एक मुलगाही लागला. आज एक्केचाळीस नावं आहेत."

गेणभाऊंनी मात्र अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. अवसरीच्या आपल्या घराच्या ओट्यावर ते ऊन खात बसले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "माझा आंगठा आत्ता घ्या. मी तुमाला घालवणार न्हाई. पर बाकीच्यांचं मला इचारू नका. तुमी आन ते."

त्यांचा मुलगा संपत, जो आता स्वतःच पन्नाशीचा होता, सोपानरावांना सोडायला वेशीपर्यंत आला. तो म्हणाला, "पावणं, आमच्या भावकीत सही म्हंजी सोपी गोष्ट न्हाई. आमी एकमेकाच्या लग्नाला जात न्हाई."

तरी सोपानराव निघाले. एसटीचा पास होता, वेळ होता, आणि मे महिना पाच महिन्यांवर होता. ते सगळ्यात आधी मढला गेले, गेणभाऊंच्या धाकट्या बहिणीकडे, साळुबाईंकडे. बावीस वर्षांपूर्वी संपतच्या लग्नात सगळ्या जावयांना टॉवेल-टोपी दिली होती. साळुबाईंच्या नवऱ्यापाशी येईपर्यंत टोप्या संपल्या आणि त्याला नुसता टॉवेल मिळाला. तो तसाच उठला. त्या दिवसापासून साळुबाईंनी माहेरचा उंबरा चढलेला नव्हता. नवरा वारला, तरी राग तसाच राहिला.

"दादानं बलवलं तर यील. सही बी करीन," साळुबाई म्हणाल्या. "पर आधी दादानं बलवाया पायजे."

सोपानराव अवसरीला आले. गेणभाऊ म्हणाले, "बलवायचं काय त्यात? घर तिचं न्हाई का? तिनं आधी यावं."

आहुपेला शाळेवर मास्तर असलेल्या पुतण्यानं सांगितलं की संपतची सही झाल्याशिवाय आपण पेनला हात लावणार नाही. संपत म्हणाला, मास्तर वयानं मोठा, त्यानं आधी करावी. भोसरीला कंपनीत असलेला दुसरा पुतण्या म्हणाला, "मास्तरनं केली आसंल तर माझी धरूच नका." नारायणगावच्या दोघी बहिणींनी एकमेकींची सही आधी पाहायला मागितली. जानेवारी संपेपर्यंत सोपानरावांनी सव्वीस घरं केली. सही कोणीही दिली नाही. चहा मात्र प्रत्येकानं दिला, आणि एकानं अर्धं पोतं बटाटेही. सुंदरबाईंनी सह्या होईपर्यंत गोड सोडलं. कुशाबाई बाळंतपणासाठी प्राचीकडे भोसरीला जाताना उंबऱ्यापाशी थांबून घराकडे अशा काही बघून गेल्या, की सोपानराव त्या रात्री जेवले नाहीत.

"असं एकेकट्याला गाठून न्हाई व्हायाचं," संपत शेवटी म्हणाला. "समदी एका जागी आली, मधी आमचा आबा बसला, तर एकमेकाच्या तोंडाकडं बघून करतील. पर समदी एका जागी यायाची ती फक्त दहाव्याला. दहाव्याला न्हाई आलं तर लोकं नावं ठेवत्यात, म्हनून येत्यात."

सोपानराव मंचरला परत येताना गाडीत विचार करत बसले. दहावा व्हायचा तर कोणीतरी जायला हवं. आणि आता जाण्याच्या वयाचे एकटे गेणभाऊच होते. पण ते गेले तर त्यांचा अंगठा जाईल, त्यांच्या वाट्याला संपत सोडून त्यांची आणखी सहा मुलं लागतील, आणि एक्केचाळीसच्या शेहेचाळीस सह्या होतील. इथपर्यंत हिशेब आल्यावर आपण काय मोजतो आहोत हे सोपानरावांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की ते दोन थांबे आधीच उतरले आणि चालत घरी आले.

मग मांगीलालशेठ म्हणाले, "सोपानभाऊ, बोलवायला माणूस मरायला कशाला पाहिजे? पत्र टाका की. गेणभाऊंच्या घरी अमुक दिवशी या म्हणून. मोठ्या माणसाच्या घरचं बोलावणं आहे, येतील. सह्यांचं मात्र लिहू नका. सह्या वाचल्या तर कोणी यायचं नाही."

हे पटलं. गेणभाऊही हो म्हणाले. संपत घरातच होता, म्हणून सोपानरावांनी एकोणचाळीस पोस्टकार्डं आणली आणि एका बैठकीत लिहून काढली: 'गेणभाऊंच्या घरी येत्या बुधवारी सकाळी नऊ वाजता सर्वांनी यावे. मागचे काही मनात ठेवू नये. अडचण सांगू नये. बाकी समक्ष.'

आता एकोणचाळीस कार्डं लिहायची म्हणजे कोणाचं झालं आणि कोणाचं राहिलं याचा घोळ होतो. सोपानरावांच्या टेबलावर त्यांचा जुना तिकीट पंच पडलेला होता. एक कार्ड लिहून झालं, की त्यांचा हात आपोआप पंचाकडे जायचा आणि कोपऱ्यावर टक्. कार्ड तिकिटापेक्षा जाड, त्यामुळे पंच नीट बसायचा नाही आणि कोपरा तुटूनच पडायचा. तीस वर्षांची सवय होती, हाताला डोक्याची परवानगी लागत नव्हती. कुशाबाई घरी असत्या तर पहिल्याच कार्डाला ओरडल्या असत्या. पण त्या भोसरीला होत्या. मांगीलालशेठनी गठ्ठ्याला रबर लावलं आणि न बघताच तो टपालपेटीत टाकला.

बुधवारी सोपानराव नवा करार, दोन पेनं आणि शाईचं पॅड घेऊन साडेआठलाच अवसरीला पोचले. सोबत मांगीलालशेठ होते. गेणभाऊ धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसले होते. संपतनं चहाचं आधण ठेवलं होतं.

पहिली जीप भोसरीची आली. ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली आणि तिच्यातून बायका रडतच उतरल्या. मागोमाग टेम्पो आला, तोही रडतच. आहुपेचे मास्तर पांढरी टोपी घालून, मान खाली घालून चालत येत होते. नारायणगावच्या दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या.

"हे काय?" मांगीलालशेठ पुटपुटले.

सोपानरावांनी मास्तरांच्या हातातलं कार्ड पाहिलं. त्याला कोपरा नव्हता. आपल्याकडे दुःखाचं पत्र पाठवताना त्याचा कोपरा फाडतात. असं पत्र आलं की ते कोणी नीट वाचत नाही, घरात ठेवतही नाही. कोपरा पाहतात आणि निघतात. सोपानरावांनी एकोणचाळीस घरांना एकोणचाळीस फाटक्या कोपऱ्यांचे कागद पाठवले होते आणि वर लिहिलं होतं, मागचे काही मनात ठेवू नये.

ते धावत पुढे जाणार, इतक्यात साळुबाई आल्या. मढहून पहाटेची गाडी पकडून आलेली ती बाई कोणाकडेही न बघता थेट ओट्यापाशी आली, पायरीवर बसली आणि तिनं डोकं आपटून हंबरडा फोडला.

"दादा रं! एका टोपीसाठी मी बावीस वर्सं न्हाई आले रं! आता कुनाला दादा म्हनू! मला एकदा तरी बलवायचं व्हतंस रं दादा!"

तिच्या डोक्यावर, एक हात अंतरावर, गेणभाऊ बशीत चहा ओतून बसले होते. मग त्यांनी बशी पुढे केली.

"साळे," ते म्हणाले, "च्या घे. गार व्हतोय."

साळुबाईंनी वर पाहिलं. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो अवसरीत अजून लोक काढून दाखवतात. मग त्यांनी भावाला आधी दंडावर दोन बुक्क्या मारल्या आणि नंतर त्याच दंडाला मिठी मारून खरंखुरं रडायला सुरुवात केली. गेणभाऊंचेही डोळे भरले. चहा सांडला तो सांडलाच.

अंगणात एकच गोंधळ उडाला. अर्ध्या लोकांना आनंद झाला आणि उरलेल्या अर्ध्यांना सुट्टी वाया गेल्याचा राग आला. तेवढ्यात शेजारच्या गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन गाडीतून उतरले. कोणीतरी त्यांना कळवलं होतं. दहाव्याला चार शब्द बोलणं हे त्यांचं नेहमीचं काम होतं आणि त्यासाठी कागद खिशातून निघालेलाही होता. त्यांनी समोर न बघताच सुरुवात केली.

"गेणभाऊंच्या जाण्यानं या पंचक्रोशीचा आधारवड..."

"ओ चेअरमन!" कोणीतरी ओरडलं. "म्हातारा हितं बसलाय!"

चेअरमननी चष्मा वर केला आणि ते कागदाची घडी घालू लागले.

"बोलू दे रं त्याला," गेणभाऊ म्हणाले. "लई झ्याक बोलतोय. पुढं काय लिवलंय?"

चेअरमननी उरलेलं भाषण उभ्यानं, घाम पुसत, गेणभाऊंच्या तोंडावर वाचलं. गेणभाऊंनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली. विहीर त्यांनी एकोणसाठला नाही, बासष्टला खोदली होती.

मग कार्डं कोणी टाकली, हा प्रश्न निघाला. सोपानराव पुढे आले आणि त्यांनी पंचाची हकीकत सांगितली. भोसरीच्या पुतण्यानं बाह्या सरसावल्या. "ह्या कंडक्टरला आज घंटाच देतो!"

"हात लावू नका," गेणभाऊ ओरडले. "आरं, माझ्या पोटच्या पोरांनी जे केलं न्हाई ते ह्यानं केलं. बावीस वर्सांनी माझी भन माझ्या ओट्यावर बसलीया. संपत, पिठल्याचं बघ. कुनी उपाशी जायाचं न्हाई."

जेवणं झाली. मास्तर आणि संपत एका पंक्तीला बसले आणि एकमेकांना ठेचा वाढू लागले. नारायणगावच्या बहिणी भाकऱ्या थापत होत्या. इतकी माया त्या घरात इतक्या वर्षांत कोणी पाहिली नव्हती. सोपानरावांचं मन भरून आलं. हीच वेळ, असं वाटून त्यांनी करार पुढे ठेवला.

"काय हाय हे?" मास्तरांनी विचारलं. ते वाचू लागले, आणि त्यांच्या खांद्यावरून भोसरीचा पुतण्याही वाचू लागला.

"ही मंचरची जागा? म्हंजी हायवेला लागून हाये ती?"

"तीच."

"आरं, तिथं दुकानं काढली तर!" भोसरीचा पुतण्या म्हणाला. "खाली दहा गाळे, वर हॉल."

"म्या तर कवापासून म्हनतोय," संपत म्हणाला. "पर आपलं एकमेकाशी जमतंय कुठं?"

"आता जमलंय न्हवं?" मास्तर म्हणाले. "आज समदे हायेत. एकमतानं ठरवू. करार वाढवायचाच कशाला?"

"न्हाईच वाढवायचा," नारायणगावच्या दोघी बहिणी एकदम म्हणाल्या. चाळीस माना एकाच वेळी डोलल्या.

ह्या लोकांचं आपसात पटत नव्हतं, तोवरच आपलं घर शाबूत होतं, हे त्या क्षणी सोपानराव आणि मांगीलालशेठ दोघांनाही कळलं. सोपानरावांनी पास वापरून, सव्वीस घरी चहा पिऊन, एकोणचाळीस कार्डं लिहून आपल्याच घरावर फावडं आणलं होतं. कुशाबाईंना हे कसं सांगायचं, याचा त्यांनी विचार करून पाहिला आणि तो अर्ध्यातच सोडून दिला.

"एक शब्द बोलू का?" मांगीलालशेठ सोपानरावांच्या कानाशी लागले. "पहिला नारळ कोण फोडणार, एवढं नुसतं विचारा. पाच मिनिटांत सगळं मोडतं. मी तीस वर्षं यांच्या लग्नांचे बस्ते काढलेत."

ते खरं होतं. सोपानरावांनी तोंड उघडलं. समोर साळुबाई भावाला भाकरीचा घास चारत होत्या आणि गेणभाऊ लहान मुलासारखे मान पुढे करत होते. सोपानरावांनी तोंड मिटलं.

"आपल्याच्यानं न्हाई व्हायाचं, शेठ," ते म्हणाले आणि कागद पिशवीत घालू लागले.

गेणभाऊंनी ते पाहिलं. त्यांनी तोंड पुसलं आणि हातानं सगळ्यांना गप्प केलं.

"गाळे काढा, न्हाईतर ताजमहाल बांधा," ते म्हणाले. "पर मी जित्ता हाये तंवर त्या जागंवर कुदळ पडायची न्हाई. मी शब्द दिलाय ह्यास्नी. मी गेलो की तुमचं तुमी बघा. मास्तर, तसं लिव. गेणभाऊ हयात हाये तंवर करार चालू."

"पण बाबा..." सोपानराव काही बोलू गेले.

"लिव," गेणभाऊ म्हणाले.

मास्तरांनी 'तीस वर्षे' खोडलं आणि तिथे 'गेणभाऊ हयात असेपर्यंत' असं लिहिलं. मग सगळ्यांनी एकदा गेणभाऊंकडे पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांचं वय, खोल गेलेले डोळे, हातातली काठी, सगळं नीट पाहिलं आणि रांग लावली. ज्या सहीसाठी सोपानरावांनी दोन महिने उन्हातान्हात घालवले होते, तशा चाळीस सह्या वीस मिनिटांत झाल्या. पहिली कोणाची आणि शेवटची कोणाची, हेही कोणी विचारलं नाही. साळुबाईंनी अंगठा उठवताना डोळ्याला पदर लावला, पण उठवला. एक्केचाळिसावा अंगठा गेणभाऊंचा. तो त्यांनी चांगला दाबून दिला.

वकिलांनी नंतर कागद वाचून कपाळाला हात लावला. "तीस वर्षं मागायला गेलात आणि हे घेऊन आलात? हा करार उद्याही संपू शकतो."

कुशाबाई भोसरीहून नातीचे पेढे घेऊन आल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्यांना दम्याचा त्रास न्हाई ना?"

तेव्हापासून दोन्ही घरांचा दिवस गेणभाऊंच्या तब्येतीनं उगवू लागला. एक दिवस सोपानराव अवसरीला जात, एक दिवस मांगीलालशेठ. सुंदरबाई काढा पाठवत आणि सकाळी सामायिकाच्या जपाला बसल्या की गेणभाऊंचं नाव घेत. मांगीलालशेठनी दुकानातली सगळ्यात जाड शाल नेऊन दिली. गेणभाऊ वाऱ्यात बसले की सोपानराव उठून वाऱ्याच्या बाजूला आड बसत. ते खोकले, की मंचरात दोन माणसं जेवणावरून उठत. एकदा गेणभाऊ बाजारात पाय घसरून पडता पडता वाचले, तर मांगीलालशेठना दोन दिवस ताप आला.

मे महिना गेला, पाऊस सुरू झाला. गेणभाऊंना रोज काहीतरी होऊ लागलं. कधी छातीत भरून यायचं, कधी घास उतरायचा नाही.

"सोपाना, आज न्हाई बघ जात भाकरी," ते डोळे मिटून म्हणायचे. "काय जगत न्हाई मी आता."

"असं बोलू नका बाबा. काय खावंसं वाटतंय?"

"आता काय सांगू. मासवडी आसती, झणझणीत रस्सा आसता, तर गेला आसता योखादा घास."

कुशाबाई मासवड्या थापत. गेणभाऊ एका घासाऐवजी दोन ताटं संपवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अत्यवस्थ होत. असं दोन महिने चाललं. शेवटी श्रावणात एका दुपारी सोपानराव डबा ठेवून ओट्यावर टेकले. संपत रानात गेला होता, घरात कोणी नव्हतं.

"बाबा, एक इचारू? राग धरू नका. तुमाला खरंच काय व्हतंय का?"

गेणभाऊंनी डब्याचं झाकण काढून वास घेतला. मग झाकण परत लावलं.

"न्हाई," ते म्हणाले. "काय बी व्हत न्हाई."

"मंग?"

"सोपाना, त्या कागदावर चाळीस सह्या हायेत. मी कवा मरतोय ह्याच्यावर केल्यात. ल्योक हाय त्याच्यात, पुतणं हायेत. भन बी हाय. रडत केली, पर केली." त्यांनी काठी भिंतीला नीट टेकवली. "मी ऱ्हावं म्हनून सकाळी उठून हात जोडणारं ह्या जगात कुनी तरी नको का? म्हनून त्या दिवशी मी तसं लिवाया लावलं."

पावसाची झड ओट्यावर येऊ लागली होती. सोपानरावांनी उठून शाल गेणभाऊंच्या पायांवर नीट ओढली, डबा त्यांच्याजवळ सरकवला आणि विचारलं, "उद्या काय करून आणू?"